गावपडद्यावरची पवनचक्की

माझ्या बापानं जन्मात पवनचक्की पाहिली नाही, पण काढली मात्र पंधरा-वीस वेळा तरी. आमच्या भंडारा जिल्ह्यात ती असायचं काही कारणच नव्हतं. इथं तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत, जंगल आहे, पण वारा म्हणावा असा वारा नाही. वैशाखात झाडाचं पान हललं तर माणसं मान वर करून बघतात. तरीसुद्धा साकोलीपासून एकोडीपर्यंतच्या गावांत, नाटकाच्या मांडवात मागं टांगलेल्या पडद्यावर चार पात्यांची एक जाडजूड पवनचक्की उभी असायची. लोक तिला पंखा म्हणत, आणि बाबांना पंखेवाला पेंटर.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, पुढं बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात, आणि पट आला की नाटक आलंच. पाहुणे बैलगाड्या जोडून येतात, घराघरांत वडे तळले जातात. गावागावांत नाटकमंडळ असायचं आणि मंडळाचे स्वतःचे पडदे असायचे. एक महालाचा, एक जंगलाचा, एक रस्त्याचा आणि एक गावाचा. या शेवटच्याला गावपडदा म्हणत. नाटक कोणतंही असो, गावपडदा एकदा तरी सुटायचाच, कारण नायकाची म्हातारी आई गावातच राहायची.

बाबा हे पडदे रंगवत. मांजरपाट शिवून घ्यायचं, आमच्या आंगनात बांबूंच्या चौकटीवर ताणायचं, त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा आणि वाळलं की कोळशानं आखायला घ्यायचं. रंग पुड्यांतले. गेरू, पिवडी, नीळ, काजळी. मोठ्या आभाळाला पळसाच्या मुळ्यांचा ठेचून केलेला कुंचा. बाबा चौथीपर्यंत शिकलेले होते. कोणी शिकवलं म्हणून शिकले असं नाही, बघून बघून शिकले. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, आणीबाणीत कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोणही त्यांनी भिंतीभिंतींवर काढले. पण पाट्या हे काम होतं, आणि पडदा ही त्यांची इज्जत होती.

इज्जत हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. आमचं घर बौद्ध. छप्पन साली बाबा नागपूरला गेले, जाताना घरातला देव्हारा टोपलीत घेऊन गेले आणि कारध्याला वैनगंगेत सोडून दिला. परत आले ते वेगळेच माणूस होऊन, असं आई सांगायची. गाव मात्र होतं तेच होतं. त्याआधी आमच्या घराला हाक मारायचे गावाचे शब्द वेगळे होते, ते मी इथं लिहीत नाही. पडदे रंगवायला लागल्यापासून तीच माणसं 'पेंटर' म्हणायला लागली. नाटकाच्या दिवशी माइकवरून सांगत, 'पडदे आपल्याच गावच्या पेंटरनं रंगवले आहेत हो!' मांडवात बाबांना खुर्ची मिळायची. ज्या गावात आमचं पाणी वेगळं होतं, त्या गावात ती खुर्ची काय होती हे मला आज साठी उलटल्यावर कळतं. तेव्हा मला वाटायचं, खुर्चीच तर आहे.

आता पवनचक्की कुठून आली, तर तुमसरहून. तिथल्या एका राइस मिलची पाटी बाबांनी रंगवली होती, तेव्हा मिलवाल्यानं एक कॅलेंडर दिलं. त्यावर परदेशातला देखावा होता. सपाट हिरवी जमीन, कालवा, तीन गाई, आणि मधोमध पवनचक्की. वर सगळं आभाळच आभाळ. वर्ष संपल्यावर बाबांनी तारखा कापून टाकल्या आणि चित्र भिंतीला चिकटवलं. गावातल्या घराघरांत कॅलेंडरावर देव होते, आमच्या घरी पवनचक्की. त्यानंतर बाबांनी जो गावपडदा काढला त्यात तलाव आपला, कौलारू घरं आपली, बैलबंडी आपली, पळसही आपलाच, आणि मधोमध ही बाई परदेशातली.

लोकांनी तिला लगेच आपलीशी केली, हे खरं. आमच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी म्हणाली होती, 'येवढा मोठा पंखा असला तं धान उफणाले वाऱ्याची वाट पाहा लागत नाही बाप्पा!' दुसरी म्हणाली, 'अवो, पन त्याले फिरवाले बी वाराच लागल ना!' मग दोघी हसल्या. बाबा हातातला कुंचा न थांबवता हसत राहिले. ते जास्त बोलणारे नव्हतेच. हे काय आहे असं कोणी म्हटलं की म्हणत, 'पंखा आहे.' पुढं काही नाही.

आणि त्यांच्या पोटी मी! मला बोलायची खाज.

मी मॅट्रिक झालो आणि स्कॉलरशिपवर नागपूरला चित्रकला शिकायला गेलो. आमच्या मोहल्ल्यातून इतकं पुढं गेलेला पहिलाच. निसर्गचित्राच्या वर्गाला एक सर होते, फार छान बोलायचे. एकदा त्यांनी परदेशी देखाव्यांची मोठमोठी पुस्तकं उघडून दाखवली आणि त्यातल्या पवनचक्कीवर तासभर बोलले. त्या देशात डोंगर नाही, म्हणून चित्रात उंच काय, तर पवनचक्की. नजर तिथंच जाते. ती धान्य दळते म्हणजे पोटाला घालते, ती पाणी उपसते म्हणजे जमीन बुडू देत नाही. तिची पाती उभी-आडवी झाली की क्रुसासारखी दिसतात. वारा देवाच्या हातचा, त्यानं सोडला तर ती फिरणार, नाही तर उभी राहणार, म्हणून ती माणसाच्या असहायपणाची खूण. चक्कीवाल्याच्या घरी मौत झाली तर तो पाती एका ठरलेल्या कोनात थांबवून ठेवतो आणि दूरदूरच्या शेतांतल्या माणसांना कळतं. सर म्हणाले, चित्रकार तिला उगाच काढत नाही. आपल्याकडे देखाव्यात देवळाचं जे काम, तेच तिकडे पवनचक्कीचं.

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. खोलीवर आलो तर मला हसू यायला लागलं. माझा बाप बिचारा! दहा वर्षं पवनचक्की काढतो आहे आणि तिचा अर्थच त्याला ठाऊक नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच. माझं तर पाव हळकुंडही नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पटाला गावी आलो. आमच्या मंडळानं नवा गावपडदा करून घेतला होता, जुना उंदरांनी खाल्ला म्हणून. बाबांनी महिनाभर खपून तो केला होता. मोठा होता, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर होता. तलावावरचं सकाळचं धुकं त्यांनी निळीत सफेदा मिसळून असं उतरवलं होतं की आमच्या कॉलेजातल्या कोणाला जमलं नसतं.

नाटकाच्या दिवशी दुपारी पडदा टांगतात आणि नारळ फोडतात. ही आमच्याकडची रीत. मंडळाचा अध्यक्ष नारळ फोडतो, पडद्याला हळद-कुंकू लावतो. बाबा तेवढ्या वेळात कुंचे धुवायला विहिरीवर जायचे आणि नारळ फुटल्यावर परत यायचे. ते का जातात हे कोणी बोलायचं नाही. त्यांच्या वाटचा प्रसाद कोणी त्यांना द्यायचं नाही आणि ते मागायचे नाहीत. दर वर्षी असंच व्हायचं.

अध्यक्ष होते गावातले एक मोठे शेतकरी. दोन्ही तलावांखाली त्यांची जमीन. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही. माणूस वाईट नव्हता, असंच मी तेव्हा म्हणायचो. नारळ फुटला, बाबा विहिरीवरून परत येऊन कडेला उभे राहिले. माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. चिंचेवर भोंगा बांधलेला, म्हणजे मांडवातला शब्द शिवारापर्यंत जाणार. पाच-सहा गावचे पाहुणे बसलेले. काकाजींनी मला पाहिलं आणि माइकवर म्हणाले, 'आपल्या पेंटरचा पोरगा नागपूरले चित्राचं कॉलेज शिकून राहिला. ये रे बाबू, दोन शब्द बोल. पडदा कसा झाला थे सांग लोकाइले.'

मी गेलो. नाही म्हणायची अक्कल कुठून आणू? आणि आमच्या घरचं माणूस त्या माइकवर कधी बोललंच नव्हतं. मी माइक धरला आणि कॉलेजातल्या शुद्ध मराठीत सुरू झालो. पडद्याची तारीफ केली, धुक्याची केली. तिथं थांबायला काय झालं होतं? पण नाही. मी म्हणालो, 'मात्र या चित्रात एक दोष आहे. ही जी पवनचक्की आहे, ती आपल्या देशातली नव्हे. त्या देशातले चित्रकार देवळाच्या जागी पवनचक्की काढतात, कारण ती ईश्वराचं प्रतीक मानली जाते. वारा म्हणजे ईश्वराचा श्वास. पण आपल्या गावाच्या चित्रात त्या जागी काय असायला हवं? आपण पाहा, हा आपलाच तलाव आहे, ही आपलीच पाळ आहे. मग या जागेवर आपल्या गावात काय आहे? देऊळ आहे. चित्रकारानं अर्थ समजून न घेता नक्कल केली की असं होतं.'

भोंग्यातून माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि मला तो आवडत होता, हे लिहायला लाज वाटते.

पहिल्यांदा दोन-चार जण हसले. त्यांना वाटलं, पोरगा बापाची मजा करून राहिला. मग मागून एक जण म्हणाला, 'हो बे, आपलं देऊळ कोठी आहे पडद्यात?' दुसरा म्हणाला, 'मांगच्या पडद्यात बी नव्हतं.' 'आरे, कधीच नव्हतं!' पाहुण्यांतला एक फेटेवाला उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, 'काहून हो अध्यक्ष, तुमच्या गावात देऊळ नाही का? का देऊळ पेंटरले चालत नाही?' आता कोणी हसेना. मी माइक धरून उभाच. मी काय बोलून बसलो ते मला अजूनही नीट कळलं नव्हतं, फक्त काहीतरी सांडलं एवढं कळलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काकाजींकडे पाहत होते. काकाजी खाली मान घालून धोतराचा सोगा झटकत होते. मग घसा साफ करून म्हणाले, 'पेंटर, एक देऊळ काढून दे ना मंधात. लहानसं. तुले काय कठीण आहे?'

'थे माह्यानं होणार नाही काकाजी,' बाबा म्हणाले.

'काहून होणार नाही?' फेटेवाला म्हणाला.

बाबांनी पुन्हा काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी मान वर केली नाही. आणि मग मंडळाच्या पोरांपैकी कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. 'हा आहे ना शिकलेला! हा काढल.' सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. काकाजी म्हणाले, 'काढतो का बाबू?'

मी म्हणालो, 'काढतो.'

का म्हणालो? पुढं मी याची पुष्कळ कारणं जमवली. म्हटलं, बाबांचं काम जाऊ नये म्हणून. म्हटलं, भांडण वाढू नये म्हणून. पाच-सहा गावच्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? सगळी खोटी नाहीत. पण पहिलं कारण असं की मला त्या पडद्यावर हात चालवायचा होता. धुकं मला जमणार नव्हतं, कळस जमला असता.

रंगाचा डबा आणायला घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. भोंगाच होता ना. आई चुलीपुढं बसली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, 'बोलला? झालं समाधान?'

मी म्हटलं, 'आई, तुले समजत नाही. पवनचक्की म्हणजे…'

'मले समजत नाही?' आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारीण कुडावरून डोकावली. 'आरे, गावाच्या मंधात काय असते? देऊळ असते. तुह्या आज्याले त्याच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून झोडपलं होतं. तुह्या बापानं हातानं देव पान्यात सोडला, आता त्याच हातानं कळस काढल का? देऊळ काढाचं नाही म्हणून त्यानं थो पंखा काढला. मी एकदा म्हटलं होतं त्याले, विहार काढ मंग आपला. तं म्हणे, नाही, मंग थे आपलंच गाव होईल. गाव सगळ्याइचं पाहिजे. हवा कोनाच्या बापाची नाही, म्हणून पंखा. येवढं साधं आहे, आन तू नागपूरले जाऊन काय शिकला? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!'

मी डबा हातात घेऊन उभा. मला त्या क्षणी जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली, 'जाऊ नको. आंग दुखते म्हणून सांग. मी सांगून येतो पाहिजे तं.' आमच्याकडे बाया असंच म्हणतात, येतो, जातो.

मी गेलो. शब्द दिला होता ना मी! माझ्या शब्दाची मला केवढी चाड!

पडदा उतरवून जमिनीवर पसरला होता. मी पवनचक्कीवर पांढऱ्याचा हात मारला. एका हातानं झाकली नाही, पाती खालून दिसत राहिली, म्हणून दुसरा मारला. मग तिथं देऊळ आखलं. मंडळाची पोरं भोवती बसून बघत होती आणि 'वा' म्हणत होती. गाभाऱ्याचं दार काढून झालं तेव्हा माझ्या डोक्यावर सावली पडली. बाबा होते. मला वाटलं आता हाताला धरून उठवतील, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं. त्यांनी वाकून रंगात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून पाहिलं आणि म्हणाले, 'सरस कमी झाला. दोन दिवसात पापुद्रा उडंल.'

मग ते घरी गेले, सरस पातळ करून गरम गरम घेऊन आले आणि माझ्या वाटीत अंदाजानं ओतून ढवळून दिला. जे देऊळ ते स्वतः काढणार नव्हते, त्याचा रंग पक्का करून दिला. काम कच्चं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, 'बाबा, मले माहीत नव्हतं.' ते म्हणाले, 'लवकर कर. वाळाले वेळ लागते.' आणि निघून गेले. त्या वर्षी ते नाटकाला आले नाहीत. त्यांची खुर्ची मांडली होती, तिच्यावर फेटेवाला बसला.

त्यानंतर बाबांना पडद्याचं काम कोणी दिलं नाही. म्हणजे दारावर येऊन कोणी 'देत नाही' असं म्हणालं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. फक्त येणं बंद झालं. पंखेवाला पेंटर देऊळ काढत नाही ही गोष्ट पटापटांतून फिरली, आणि ज्यांच्या पडद्यांत पंखा होता त्या मंडळांनी आपापले पडदे उलगडून पाहिले. दोन-तीन ठिकाणी पंखे पुसले गेले. बाबा पाट्या रंगवत राहिले. 'येथे धान भरडून मिळेल.' 'उधार बंद आहे.' बैलबंड्यांवर नाव घाल, शाळेच्या फळ्याला काळा रंग दे. कधी कुरकुरले नाहीत. मला एकदाही टाकून बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आणि मंडळं कोणाकडे यायला लागली? माझ्याकडे. मी शिकून साकोलीकडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. पोरांना निसर्गचित्र शिकवायचो, आणि हिवाळ्यात पडदे करायचो. सगळ्यांत देऊळ. कळसावर ऊन, पायऱ्यांवर सावली, झेंडा वाऱ्यावर. बौद्ध घरातला मी, सहा-सात वर्षं गावोगावची देवळं रंगवत होतो, आणि स्वतःला सांगत होतो, ही नुसती कला आहे, कलेला जात-धर्म नसतो. हे वाक्यही नागपूरलाच शिकलो होतो. बाबांच्या आंगनात मी कधी पडदा ताणला नाही, तेवढी लाज होती. शाळेच्या वऱ्हांड्यात काम करायचो. घरी आलो की बाबा माझ्या नखांतला रंग बघायचे आणि जेवायला बसायचे.

ग्रामपंचायतीत टीव्ही आला त्या वर्षी बाबा गेले. पोटाचं दुखणं होतं, लवकर आटपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुपारी जेवणं चालू होती आणि काकाजी आले. आता फार थकलेले, काठी टेकत. आमच्या आंगनात ते याआधी आलेले मी पाहिले नव्हते. त्यांना बसायला बाज टाकली. चहा दिला, तो त्यांनी घेतला. मी मनात म्हटलं, वा, केवढे उपकार.

चहा संपल्यावर कप बाजेखाली ठेवून ते म्हणाले, 'तुह्या बापानं गावाचा पहिला पडदा काढला ना, तेव्हा मी येथीच पाहाले आलतो. तू शाळेत गेला असशील. कोळशानं आखून झालं होतं. मी म्हटलं, पेंटर, देऊळ नाही काढत का? थो म्हणाला, नाही काकाजी. मी म्हटलं, मंग तेथी काय काढतो? थो म्हणाला, पंखा. मी म्हटलं, बरं, काढ.'

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मी म्हटलं, 'म्हणजे तुम्हाले माहीत होतं?'

'मलेच काय, सगळ्याइले माहीत होतं. आमी काय आंधळे होतो का? दरसाल पडदा पाहो आमी. थो बोले नाही, आमी बोलो नाही. पंखा चांगला बी दिसे. पन माहीत असनं वेगळं बाबू, आन भोंग्यावर येनं वेगळं. भोंग्यावर आलं, पाहुण्याइसमोर आलं, मंग मले अध्यक्ष व्हा लागलं.'

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, 'मंग तेव्हा तोंडात मूग धरून काहून बसले? सांगाचं होतं ना, मीच हो म्हटलं म्हणून! येवढी भीती होती का?'

'होती,' ते म्हणाले. 'त्या फेटेवाल्याचे गावातले सोयरे मायी खुर्ची घ्यालेच टपून होते. तुह्या बापानं मायाकडं पाह्यलं, आन मी खाली पाह्यलं. त्यानं एक शब्द म्हटला असता ना, काकाजीले विचारून काढलं म्हणून, तं माझं काही खरं नव्हतं. त्यानं नाही म्हटला.' त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. 'नऊ वर्सं झाली. मी बी कोनाले बोललो नाही.'

मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला. आज सांगायला आले, माणूस गेल्यावर! खांद्यावरचं ओझं उतरवायला आमचंच आंगन सापडलं! पण राग त्यांच्यावर धरू म्हटलं तरी धरता येईना. ते भ्यायले होते, एवढंच. दोघांनी मिळून एक गोष्ट दहा वर्षं सांभाळली होती, एकानं 'नाही' म्हणून आणि दुसऱ्यानं 'बरं' म्हणून, आणि ती मोडली मी. बाबांनी त्यानंतरही त्यांची बाजू सांभाळली, स्वतःचं सगळं जाऊ दिलं, आणि त्याच घरात, जेवणाच्या एकाच पंगतीत बसून माझ्याजवळ शब्द काढला नाही.

मी म्हटलं, 'पन मले काहून नाही सांगतलं त्याइनं? मी त्याइचा पोरगा होतो ना? एकदा तरी सांगाचं होतं, पंखा काहून काढतो म्हणून.'

काकाजी उठता उठता थांबले. 'तू विचारलं होतं का?' ते म्हणाले.

नव्हतं विचारलं. मी समजावून सांगितलं होतं.